अभ्यासाचं टेबल खिडकीपाशी

२०२३ च्या श्रावणात सासरे गेले. तेराव्याला लावायला फोटो हवा होता, आणि घरातल्या चार मोबाइलमध्ये मिळून त्यांचा एकट्याचा, सरळ, स्पष्ट असा एकही फोटो निघाला नाही. शेवटी पुतणीच्या हळदीतल्या घोळक्यात ते सापडले. फोटोवाल्याने त्यातून त्यांना कापून काढलं, मागे निळा रंग भरला आणि खांद्यावरचा कुणाचा तरी हात झाकायला अंगात काळा कोट चढवला. सासऱ्यांनी जन्मात कोट घातला नव्हता. तो फोटो अजून हॉलमध्ये आहे. धाकटा त्यांना 'कोटवाले आजोबा' म्हणतो, जणू ते वेगळेच कुणी.

त्याच दिवाळीत मी एक जुना कॅमेरा विकत घेतला. निकॉनचा डी ५६००, सोबत १८-५५ ची लेन्स. नवरा म्हणाला, "अगं, मोबाइल आहे की." आहेच. मोबाइलमध्ये मुलांचे हजारो फोटो होते. त्यातला भिंतीवर लावावा असा एक शोधायला बसले, तर रात्रीचा दीड वाजला आणि हाती काही लागलं नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कोणता नमुना, कोणती तारीख, काय केलं, काय आलं, हे लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून एक दोनशे पानी वही केली. खालचं सगळं त्या वहीतलं आहे, नोव्हेंबर २०२३ ते डिसेंबर २०२४ या काळातलं. एक घर, दोन मुलं, एक खिडकी. यातलं आपल्या घराला काय लागू पडतं ते ज्याचं त्याने ठरवावं.

जागा

डोंबिवलीत वन बीएचके, चौथा म्हणजे शेवटचा मजला. हॉल दहा बाय पंधरा. दहा फुटांच्या भिंतीत उत्तरेकडे चार बाय चारची खिडकी, तिला ग्रिल, ग्रिलमध्ये तुळस आणि कोरफड. समोर वीस-पंचवीस फुटांवर दुसऱ्या सोसायटीची सात मजली इमारत, फिकट पिवळी. आमच्या हॉलच्या तीन भिंती पांढऱ्या आणि एक पिस्ता रंगाची. ती २०१९ मध्ये नवऱ्याने हौसेने करून घेतली होती. तिच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

थोरली तेव्हा अकरा वर्षांची, धाकटा पाचचा. सासूबाई आमच्याकडेच असतात. घरात पाच माणसं आणि रिकामा कोपरा एकही नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण शिकण्यासाठी मी जे काही वाचलं-पाहिलं, त्यात प्रत्येकाच्या घरी एक मोकळी खोली आणि जमिनीपर्यंतची खिडकी होती.

पहिले तीन महिने

वहीतली नोंद: तीन महिन्यांत २,३०० च्या आसपास फोटो, ठेवावेत असे १९. लॅबमध्ये असा निकाल आला असता तर मी आधी यंत्र तपासलं असतं. इथेही तेच केलं. लेन्स वाईट म्हणून ५० मिलिमीटरची, एफ/१.८ ची लेन्स घेतली. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं: उजेड जास्त, मागचं जास्त धूसर.) आता मागचं सगळं धूसर होणार, या आनंदात पहिल्या रविवारी दोनशे फोटो काढले. त्यांत थोरलीच्या नाकाचा शेंडा स्पष्ट, डोळे गेलेले.

यामागचं गणित नंतर मांडलं. या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स एफ/१.८ ला लावली आणि मूल १.२ मीटरवर असलं, तर जेमतेम चार सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. मुलाचा डोळा ते कान हे अंतरच त्याहून जास्त भरतं. एफ/४ ला तो पट्टा नऊ सेंटीमीटरच्या आसपास जातो. म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे मोजले, तोच आकडा चुळबुळ्या पोरासमोर निरुपयोगी. शिवाय आमचा हॉल दहा फूट रुंद. टीव्हीचं कपाट आणि सोफा वजा जाता हाती आठ फूट. ५० च्या लेन्समध्ये धाकटा उभा, पायांसकट बसवायचा तर मला नऊ फूट मागे जावं लागत होतं, म्हणजे शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. पुढे ३५ ची लेन्स मिळाली तेव्हा साडेसहा फुटांत काम भागलं. कुणी विचारलं तर सांगते: लहान घरात आधी ३५ घ्या.

ट्यूबलाइटने वेगळाच त्रास दिला. कामावरून यायला सात वाजतात, मग फोटो ट्यूबच्या उजेडात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेकंदाच्या १/५०० भागात काढलेल्या तीन फोटोंपैकी एक मळकट, एक हिरवट, तिसऱ्यात आडवा पट्टा. १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात, पण १/५० ला पाच वर्षांचा मुलगा म्हणजे नुसता धूर. कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडला तर मुलं पासपोर्टच्या फोटोतल्यासारखी दिसायला लागली, आणि भिंतीवर मागे काळी सावली.

पण खरा बिघाड वेगळाच होता. वहीतल्या १९ चांगल्या फोटोंसमोर मी 'काय सांगितलं होतं' असा रकाना केला होता. सतरांपुढे लिहिलंय: 'काही नाही.' उरलेल्या दोन हजारांहून जास्त फोटोंमध्ये मी काही ना काही सांगत होते. इकडे बघ. हस. अशी नको, नीट हस. मान वर. शर्ट खाली ओढ. धाकट्याने त्यावर स्वतःचा एक चेहरा शोधून काढला होता: डोळे मिटून, बत्तीशी दाखवून, मान खांद्यात. कॅमेरा दिसला की तो चेहरा आपोआप हजर. थोरलीचं उलटं, तिचा चेहरा कोरा व्हायचा.

नारळ

फेब्रुवारीत मी मुलांचे फोटो बंद केले आणि नारळाचे सुरू केले. नारळ हलत नाही, कंटाळत नाही, त्याला एक बाजू उजेडाची आणि एक सावलीची असते. आणि त्याचा रंग आमच्या घरातल्या माणसांच्या रंगाला पांढऱ्या चेंडूपेक्षा कितीतरी जवळचा. स्टुलावर शेंडीसकट नारळ, समोर मी. सासूबाईंनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "हळदकुंकू लावून ठेवू का त्याला?"

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा लॅबचा नियम इथे लावला. दुपारी तीन वाजता, ट्यूब बंद, एफ/२.८ आणि १/२०० कायम, फक्त नारळ खिडकीपासून मागे सरकवत न्यायचा. दोन फुटांवर आयएसओ ४०० पुरला. (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता: उजेड निम्मा झाला की हा आकडा दुप्पट लागतो.) आठ फुटांवर ३,२०० लागला. डोळ्यांना हॉलभर सारखाच उजेड वाटत होता, पण सहा फुटांत तो आठपट कमी झाला होता. दिवा बारीक असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर उजेड चौथाईवर येतो. खिडकी चांगली रुंद असल्यामुळे जवळ तेवढी घट होत नाही, जसजसं लांब जावं तसतसा हिशोब त्या नियमाकडे जायला लागतो. आमची मुलं ज्या सोफ्यावर बसायची तो अकरा फुटांवर होता. म्हणजे मी वर्षानुवर्षं घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या जागी त्यांचे फोटो काढत होते आणि मोबाइल बिचारा त्यावर रंगरंगोटी करत होता.

दुसरी नोंद दिशेची. नारळ खिडकीकडे तोंड करून ठेवला की सपाट थाळीसारखा दिसायचा. खिडकी त्याच्या एका बाजूला आणि थोडी पुढे आली की गोलाई दिसायची, शेंडीचा धागा न धागा मोजता यायचा. तिसरी नोंद पिस्ता भिंतीची. नारळाची सावलीची बाजू चक्क हिरवट. भिंतीवर पडून परत येणारा उजेड भिंतीचा रंग घेऊन येतो, हे पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते. त्या भिंतीवर चादर टांगायला लागले, तेव्हा नवरा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होता.

टेबल

मार्चमध्ये थोरलीची परीक्षा जवळ आली. तिचं अभ्यासाचं टेबल आतल्या भिंतीशी, डोक्यावर मागून ट्यूब. "वहीवर माझ्याच डोक्याची सावली पडते," ही तिची वर्षभराची तक्रार. आमच्याकडे जुनी माणसं सांगत, अभ्यासाला उजेड डावीकडून हवा. थोरली उजव्या हाताने लिहिते, तेव्हा डावीकडून उजेड आला तर हाताची सावली अक्षरावर पडत नाही. मग टेबल असं लावलं की खिडकी तिच्या डाव्या हाताला, अडीच फुटांवर. यासाठी सोफा फिरवावा लागला, टीव्हीवर दुपारी चमक यायला लागली आणि सासूबाईंची मालिका पाहायची खुर्ची एक हात सरकली. घरात छोटंसं महाभारत झालं. मी फोटोचं नाव काढलं नाही. परीक्षा म्हटलं की घरातलं काहीही हलवता येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गणितं करत होती. मी चहाचा कप घेऊन समोर आले आणि थबकले. डाव्या गालावर उजेड, उजवीकडे हळूहळू उतरत जाणारी सावली, नारळावर महिनाभर जे शोधत होते ते सगळं. आणि एक गोष्ट मला नारळाने शिकवली नव्हती: समोर उघडी पडलेली वही. पांढऱ्या पानांवरून उजेड वर उसळत होता आणि हनुवटीखालची, डोळ्यांखालची सावली भरून काढत होता. दुकानातला रिफ्लेक्टर हेच काम करतो. इथे ते ४० रुपयांची वही करत होती.

कॅमेरा तेव्हापासून कपाटात गेला नाही. टेबलापलीकडच्या फळीवर, १/१६० आणि एफ/२.८ लावून, आयएसओ आपोआप पण ३,२०० च्या वर नाही, असा तयार. मी पाटावर बसते, म्हणजे माझे डोळे तिच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. उभं राहून मुलांचे फोटो काढले की कपाळ मोठं आणि हनुवटी गायब होते. पहिली दहा मिनिटं मी कॅमेरा उचलतही नाही, भाजी निवडते. मग कधीतरी उचलते. फोकसचा ठिपका जवळच्या डोळ्यावर, दोन-तीन फोटो, परत भाजी. धाकट्यासाठी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मातीचा डबा ठेवला. तो मातीचे उंट करतो. त्याचे उंट उंटासारखे नसतात, पण उंट करताना तो जीभ बाहेर काढतो, आणि त्या जिभेला 'हस' म्हणावं लागत नाही.

पुढच्या तीन महिन्यांची नोंद: फोटो ३४०, ठेवावेत असे ४१.

एकोणिसाव्या शतकातली फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन मला याच सुमारास भेटली. जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. १८६३ च्या डिसेंबरमध्ये लेकीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला, तेव्हा ती ४८ वर्षांची होती आणि मुलं वाढवून मोकळी होत होती. इंग्लंडातल्या तिच्या घरी स्टुडिओ कुठला? तिने कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा काचेचा स्टुडिओ. महिनाभरात, जानेवारी १८६४ मध्ये, एका लहान मुलीचा फोटो साधला. त्याला तिने आपलं पहिलं यश म्हटलं. तिच्या कोंबड्यांचं काय झालं याची मला आता सासूबाईंच्या खुर्चीमुळे जरा जास्तच काळजी वाटते.

'जरा उजळ कर गं'

मे महिन्यात गावी लग्न होतं. जाण्याआधी थोरलीचे चार फोटो नात्यातल्या ग्रुपवर पाठवले. नवऱ्याच्या एका आत्यांचं उत्तर आलं: "छान आलेत. पण जरा उजळ कर गं, पोर काळी दिसतेय." थोरली सावळी आहे, माझ्यासारखीच. मी काही विचार न करता संगणकावर बसले आणि उजेडाची पट्टी उजवीकडे सरकवली. थोरली मागे येऊन उभी राहिली.

"ही मी आहे?"

"हो. का गं?"

"माझा हात बघ. हिचा हात बघ."

२००९ मध्ये माझ्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात झाली, तेव्हा बाबांनी मला आमच्या गावातल्या स्टुडिओत नेलं होतं. साडी, हातात गुलाब, मागे धबधब्याचा पडदा. फोटो हातात आला तेव्हा त्यातली मुलगी माझ्यापेक्षा तीन छटा गोरी होती. फोटोवाल्याने विचारलं नव्हतं, आम्ही सांगितलं नव्हतं. तो ते सगळ्याच मुलींचं करायचा, बहुतेक सेवा म्हणून. बायोडाटात 'वर्ण: गव्हाळ' असं लिहिलं गेलं. सासूबाई पाहायला आल्या तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य मला अजून आठवतं: "फोटोत वेगळी वाटली होतीस." त्या ते वाईट हेतूने म्हणाल्या नव्हत्या. नुसतं एक निरीक्षण होतं. पण त्या क्षणी धबधब्यासमोरच्या त्या गोऱ्या मुलीचा मला जो राग आला होता, तो पंधरा वर्षांनी माझ्याच हातातल्या माऊसवर येऊन बसला. कोट काय, गोरेपणा काय, चढवणारा आपला चांगलंच करत असतो.

चारही फोटो मूळ रूपात ठेवले. आत्यांना काही कळवलं नाही.

मात्र थोरलीचा खरा रंग फोटोत आणायचा तर नुसतं 'काही न करणं' पुरत नाही, त्याला काम आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतो. मागे पांढरी भिंत असली की तो एकूण उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मागे गडद पडदा असला की तो चेहरा फिका करून टाकतो. आत्यांना 'काळी' दिसली त्या फोटोंत मागे पांढरी भिंतच होती, म्हणजे त्यांच्या म्हणण्यात अर्धी चूक कॅमेऱ्याची, माझी. तेव्हापासून मी मीटर फक्त ठिपक्यापुरता लावते, तो गालावर धरते आणि नंतर हात तिच्या चेहऱ्याशेजारी ठेवून कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा रंग ताडून बघते. आमच्या दोघींचा रंग जुळतो, एवढी सोय आहे.

आणखी एक: सावळ्या त्वचेवर चेहऱ्याचा आकार सावलीपेक्षा चमकेतून जास्त कळतो. गालाच्या हाडावरची, नाकाच्या कडेवरची, कपाळावरची ती ओलसर चमक. फ्लॅशच्या बारक्या उजेडात ती तेलकट ठिपका होते. चार फुटांच्या खिडकीत ती रुंद, मऊ पसरते. म्हणून पावडर लावायला मी बंदी केली आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी सूर्य पूर्वेच्याही उत्तरेला सरकून उगवतो आणि आमच्या उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येतं. तेव्हा ग्रिलला काहीतरी पातळ, पांढरं बांधावं लागतं. सासूबाईंनी ट्रंकेतून सासऱ्यांचं धोतर काढून दिलं. चार चिमटे लावून ते बांधलं. नीळ घातलेलं असल्यामुळे पहिल्या दिवशी उजेड किंचित थंड वाटला. मग धोतराखाली पांढरा कागद धरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी, त्यावर बेतला.

हे सगळं माझ्या एकटीच्या घरातलं दुखणं नव्हे. गेल्या शतकात छपाईच्या लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकची 'शर्ली' कार्डं असत. त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो, आणि तिची त्वचा नीट आली की यंत्र बरोबर. तपकिरी छटा नीट उमटाव्यात याकडे कंपनीने पुढे लक्ष दिलं, त्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता, असं तिथे काम केलेल्यांनीच सांगून ठेवलंय. माणसांच्या आधी चॉकलेटचा नंबर लागला. आजचे कितीतरी मोबाइल न सांगता चेहरा गुळगुळीत आणि फिका करतात. आमच्या गावातला तो स्टुडिओवाला आता खिशात बसतो, एवढाच फरक.

नकार

पावसाळ्यात हॉल अंधारला. ढग होतेच, शिवाय आमच्या समोरच्या भिंतीचं एक गुपित मला तेव्हा कळलं. आमच्या भागात मे महिन्याच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या शेवटी पुन्हा शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर. मधल्या काळात भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. समोरच्या इमारतीची आमच्याकडची भिंत दक्षिणमुखी, तेव्हा त्या दिवसांत भर दुपारी तिच्यावर ऊनच पडत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला कलतो, ती भिंत दिवसभर उन्हात न्हाते आणि तो पिवळसर उजेड आमच्या खिडकीत ओतते. मी ज्याला 'माझी खिडकी' म्हणत होते, तो अर्धा उजेड दुसऱ्या सोसायटीच्या मालकीचा होता.

त्याच पावसाळ्यात थोरली बारा वर्षांची झाली आणि तिने नाही म्हणायला सुरुवात केली. निमित्त एका फोटोचं. केसांना चपचपीत तेल, दोन वेण्या, तोंडात पेन्सिल. मला तो वर्षातला सर्वांत सुंदर फोटो वाटत होता. मी तो ग्रुपवर टाकला, तिच्या मावसभावाने त्याचं स्टिकर केलं. ती माझ्याशी भांडली नाही. टेबल ओढून तिने पाठ खिडकीकडे केली आणि आठ दिवस तशीच अभ्यासाला बसली, वहीवर स्वतःची सावली घेऊन.

नवव्या दिवशी आम्ही ठरवलं, आणि मी ते वहीत लिहून तिची सही घेतली. फोटो काढल्यावर त्याच दिवशी कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती सगळे बघणार. नको तो तिने स्वतः पुसायचा, मी कारण विचारायचं नाही. विचारल्याशिवाय कुणालाही पाठवायचा नाही. शाळेचा गणवेश, ओळखपत्र दिसत असेल तो तर नाहीच. धाकट्याचा प्रश्न अवघड आहे, तो सगळ्याला हो म्हणतो. म्हणून त्याच्या वतीने ती बघते: रडतानाचे, आंघोळीचे, चड्डीतले बाद. आजीने एकदा रदबदली करून पाहिली. चालली नाही.

तिची निवड माझ्यापेक्षा वेगळी आहे. मला उजेड दिसतो, तिला दात. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी पाऊस थांबून पाच मिनिटं पिवळं झालं, ती खिडकीतून खाली कुणाला तरी शोधत होती, आणि मी एकच फोटो काढला. तो तिने पुसला. कार्डावरून पुसलेला फोटो परत मिळवता येतो हे मला माहीत आहे, संगणकात ते सॉफ्टवेअरही आहे. ते कार्ड मी दोन दिवस वेगळं काढून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या शाळेतली नाटुकली त्याच कार्डावर भरून टाकली.

चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग यांनी आपल्या दोन लेकींचे बुडापेस्टपासून सिमल्यापर्यंत वर्षानुवर्षं फोटो काढले. ते मी थोरलीला दाखवले. वेगवेगळे पोशाख घातलेल्या, कॅमेऱ्याकडे रोखून बघणाऱ्या त्या मुली बघून ती एवढंच म्हणाली, "यांना पुसायचं बटण कुठे होतं?"

भिंत

नोव्हेंबर २०२४ मध्ये समोरच्या सोसायटीने रंगकाम काढलं. आधी बांबूची परांची, मग तिच्यावर खालपासून वरपर्यंत हिरवी जाळी. ज्या महिन्याची मी पावसाळाभर वाट पाहिली, त्या महिन्यात खिडकीतून हिरवा उजेड आत यायला लागला. धाकटा म्हणाला, "आपण माशांच्या टाकीत राहतो." कॅमेऱ्यात हिरवा रंग जांभळ्याकडे ढकलून त्वचा जवळजवळ जागेवर येत होती, पण पांढरी वही मग गुलाबी दिसायची. पंधरा दिवसांत ठेवावेत असे फोटो तीन.

मी त्यांच्या सेक्रेटरींना जाऊन भेटले. जाळी किती दिवस आहे आणि रंग कोणता देणार, एवढंच विचारायचं होतं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मॅडम, आमच्या भिंतीचा रंग तुम्हाला चालेल का, हे बघायचंय?"

"तसं नाही हो. फिकट ठेवणार असाल तर..."

"चॉकलेटी. मीटिंगमध्ये पास झालाय. मळ दिसत नाही."

घरी येऊन सांगितलं तेव्हा नवरा पोट धरून हसला. पिस्ता भिंतीचा सूड पूर्ण झाला होता. चॉकलेटी भिंतीवरून उजेड कमी येईल आणि येईल तो तांबूस. सोफ्याची जागा पुन्हा बदलावी लागेल का, याचा हिशोब मी वहीत मांडायला घेतला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या समोरची जाळी निघाली. आत भिंतीला प्रायमर मारलेला होता. सात मजली, पांढरीशुभ्र, दक्षिणेकडून अख्खं ऊन अंगावर घेतलेली भिंत. आमचा हॉल असा उजळला की सासूबाईंनी पंख्यावरची जळमटं पाहिली आणि झाडू मागवला. मी नारळ ठेवून मोजलं: दोन फुटांवर आयएसओ २००. आतल्या सोफ्यावरसुद्धा एरवीपेक्षा निम्म्या आयएसओत काम होत होतं.

त्या शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. थोरली शाळेतून आली, गणवेश बदलला, घरातला निळा कुडता घातला. केसांना तेल होतं, ते तिने तसंच ठेवलं. टेबलाशी बसली, वही उघडली आणि वर न बघता म्हणाली, "काढ लवकर. सोमवारी रंग लावताहेत."